वाळवंटांतील डोंगर आणि पाण्याची पाळी

प्रवासवर्णन लिहिण्याचा अधिकार ज्यांनीं पुष्कळ प्रवास केला त्यांचा. आमचा सारा जन्म बागलाणांतील एका शाळेंत संस्कृत व भूगोल शिकविण्यांत गेला. जगाचे नकाशे आम्हीं फळ्यावर पुष्कळ काढले, परंतु त्यांतलें फारच थोडें डोळ्यांनीं पाहिलें. तेव्हां वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं आम्ही लडाखच्या डोंगरांत सहा रात्री तंबूंत काढून आलों, हें वाचून वाचकांस जितकें आश्चर्य वाटेल तितकेंच तें आमच्या घरच्या मंडळींसही वाटलें होतें. तरी हा लेख आम्ही लिहावयास बसलों आहों तो त्या साहसाचें कौतुक सांगण्यासाठीं नव्हे. त्या डोंगरांत आमची एक समजूत मोडली. आणि ती समजूत अशी होती कीं तिच्यापायीं एकाच अंगणांत वाढलेले दोन भाऊ जवळ जवळ चार वर्षें एकमेकांशीं बोलले नव्हते. अशा समजुती पुष्कळ घरांत असतात, म्हणून ही हकीकत चारचौघांपुढें मांडावी असें वाटलें.

आमच्या वडिलोपार्जित मळ्यांत एक विहीर आहे. वडिलांच्या पश्चात् जमिनीची वांटणी झाली, परंतु विहीर सामाईक राहिली आणि पाण्याच्या पाळ्या ठरल्या: तीन दिवस आमचे, तीन दिवस धाकट्या बंधूंचे, आणि सातवा दिवस विहिरीच्या विसांव्याचा. बरींच वर्षें हें सुरळीत चाललें. २०१८ सालीं पावसानें दगा दिला. विहिरीचें पाणी तळाला गेलें. बंधूंची डाळिंबाची बाग ऐन बहरांत होती. आम्ही लग्नानिमित्त परगांवीं गेलों असतां, आमच्या पाळीच्या रात्रीं त्यांच्याकडून मोटर चालली आणि डाळिंबांना पाणी मिळालें. आमचा कांदा त्याच आठवड्यांत करपला. परत आल्यावर आम्ही बंधूंकडे गेलों तों हिशेबाची वही काखेंत घेऊनच गेलों. शब्दानें शब्द वाढला. पुढच्या वर्षीं आम्हीं तालुक्याच्या कोर्टांत दावा लावला. कागद आमच्या बाजूचे होते, आणि न्यायही आमच्याच बाजूचा आहे याबद्दल आमच्या मनांत तिळमात्र संशय नव्हता.

बंधूंचा थोरला मुलगा पुण्यास इंजिनियर आहे. दोन घरांतलें बोलणें बंद झालें तरी त्याचें आमच्याकडे येणें-जाणें थांबलें नव्हतें; लहानपणीं तो आमच्याचजवळ बसून शब्दरूपें पाठ करीत असे. २०२२ च्या उन्हाळ्यांत तो आला आणि म्हणाला, “काका, तुम्हीं आम्हांला सिंधु नदी फळ्यावर दाखविलीत. आतां मी तुम्हांला ती खरी दाखवितों. चला.” आम्हीं प्रथम हंसण्यावारीं नेलें. परंतु ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांतील नदीसूक्त, ज्यांत सिंधूचें एवढें गुणवर्णन आहे, तें वर्षानुवर्षें शिकवून ती नदी न पाहतांच डोळे मिटावे, हें कांहीं मनाला पटेना. आमच्या कुटुंबानें अट घातली कीं डॉक्टरांकडून छाती व रक्तदाब तपासून घेतल्यावांचून घराबाहेर पाऊल टाकूं देणार नाहीं. ती अट योग्यच होती, हें पुढें कळलें.

२० जुलै रोजीं दिल्लीहून विमानानें सुमारें दीड तासांत आम्ही लेहला उतरलों. लेह समुद्रसपाटीपासून सुमारें ३५०० मीटर, म्हणजे साडेअकरा हजार फूट उंच आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या सुमारें दोन-तृतीयांश भरतो. श्वास घ्यावा तोच, परंतु त्यांतून मिळणारा प्राणवायु मात्र कमी. जिन्याच्या दहा पायऱ्या चढून आम्ही धापा टाकीत खालीं बसलों. अशा ठिकाणीं तीन दिवस स्वस्थ राहणें हाच पहिला उद्योग. शरीर हळूहळू त्या विरळ हवेशीं तडजोड करितें. चाळीस वर्षें वर्गांत उभें राहून बोलण्याची संवय असलेल्या माणसास तीन दिवस पडून राहणें आणि कमी बोलणें ही शिक्षाच वाटली. पण डोंगराची शाळा येथूनच सुरू झाली होती, हें तेव्हां ध्यानांत आलें नाहीं.

वाळवंट म्हटलें कीं आम्हां शिक्षकांच्या डोळ्यांपुढें वाळूचे ढीग आणि उंटांची रांग उभी राहते. लडाखांत वाळवंट आडवें नसून उभें आहे. नैर्ऋत्येकडून येणारे पावसाळी ढग हिमालयाच्या दक्षिणेकडील उतारावर आपलें ओझें रितें करितात. पलीकडे पोंचते ती कोरडी हवा. लेह येथें वर्षाकाठीं सरासरी सुमारें १०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढा पाऊस आपल्या कोंकणांत आषाढांतल्या एका दिवसांत पडून जातो! डोंगरावर झाड नाहीं, गवत नाहीं. उघडा दगड, घसरलेला मुरूम आणि त्यांवर प्रखर ऊन. मात्र ज्या भूमीला पावसाची ओळख नाहीं तिला तो अकस्मात् आला म्हणजे सोसत नाहीं. २०१० सालीं ५ ऑगस्टच्या रात्रीं लेहच्या परिसरांत ढगफुटी होऊन चिखलाच्या लोंढ्यांनीं दोनशेंहून अधिक माणसांचा बळी घेतला.

चौथ्या दिवशीं आम्ही मोटारीनें निघालों. निम्मू गांवाजवळ झांस्कर नदी सिंधूस मिळते. दोन रंगांचीं पाणीं कांहीं अंतर एकमेकांस न मिसळतां शेजारून वाहतात आणि मग एक होतात. आम्हीं वाहाणा काढून, खालीं उतरून सिंधूचें पाणी डोळ्यांस लाविलें. तेथून झांस्करच्या कांठानें चिलिंग गांवीं पोंचलों. हें धातूचीं भांडीं घडविणाऱ्या कारागिरांचें गांव. येथून मार्खा नदीच्या खोऱ्यांत पायवाट शिरते. पुतण्या, आम्ही, एक लडाखी वाटाड्या, एक घोडेवाला आणि सामान वाहणारे चार घोडे, असा आमचा लवाजमा होता. पहिला मुक्काम स्क्यू, दुसरा सारा, तिसरा मार्खा, चौथा हांकर, पांचवा थाचुंगत्से आणि सहावा निमालिंग, असा क्रम ठरला होता.

हा सारा मुलूख हेमिस राष्ट्रीय उद्यानांत मोडतो. १९८१ सालीं स्थापन झालेलें हें उद्यान हिमबिबट्यांसाठीं प्रसिद्ध आहे. बिबट्या आम्हांस दिसला नाहीं. त्याचें भक्ष्य जें भरल नांवाचें रानमेंढरूं, त्याचे कळप मात्र कड्यावरून खालीं पाहतांना दिसले. वाटेंत जांभळे, हिरवे, तांबडे असे खडकांचे थर कोणीं घडी घालून ठेविलेल्या लुगड्यासारखे वांकलेले होते. हे थर एके काळीं समुद्राच्या तळाशीं होते. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत येऊन सुमारें पांच कोटि वर्षांपूर्वीं आशियाला भिडला, तेव्हां मधला टेथिस समुद्र नाहींसा झाला आणि त्याच्या तळाचा गाळ डोंगर होऊन वर आला. हा पाठ आम्हीं कितीदां शिकविला असेल. परंतु समुद्राच्या तळावर उभें राहून, तहानेनें कोरड पडलेल्या घशानें तो पाठ आठवणें ही गोष्ट निराळी. जेथें एकदां अथांग पाणी होतें तेथें आतां ओंजळभर पाण्यासाठीं ओढा शोधावा लागत होता.

त्या खोऱ्यांतील गांवें दुरूनच ओळखूं येतात. डोंगराच्या कडेनें एक बारीक पाट आलेला असतो. पाटाच्या वर सारें पिवळट, ओसाड. पाटाच्या खालीं जवाचीं हिरवींगार शेतें, वाटाणा, पॉप्लर आणि वाळुंज. ओल्या-सुक्याची ती सीमा सुरीनें कापल्यासारखी स्पष्ट असते. जेथवर पाट तेथवर गांव. या पाटाला लडाखी लोक ‘युरा’ म्हणतात, आणि रात्रीचें पाणी सांठविण्याच्या तळ्याला ‘जिंग’. शौचकूपांतही पाणी वापरीत नाहींत. माती टाकून त्याचें खत करितात व तें शेतांत घालतात. आम्हांस प्रथम तें चमत्कारिक वाटलें. मग हिशेब केला कीं आमच्या घरीं सकाळच्या प्रहरीं नुसत्या सांडण्यांत जें पाणी जातें, तेवढ्यावर या लोकांचें घर दिवसभर चालेल.

तंबूंतील आयुष्याविषयीं विस्तारानें लिहीत नाहीं. जमीन खडबडीत, रात्र लांब, झोंप तुटक. सकाळीं घरचा डिंकाचा लाडू, आणि वाटेंत कोणा घरीं थांबलों तर लोणी व मीठ घालून लांकडी नळींत घुसळलेला ‘गुरगुर’ चहा. त्यांचें मुख्य अन्न म्हणजे जव भाजून केलेलें पीठ. तें जिभेवर ठेवितांच आम्हीं ओळखिलें. तें आपलें सातूचें पीठच! चहांत कालवून खाल्लें कीं दोन डोंगर चढण्याचें बळ येतें. गांवचीं मुलें आम्हांस ‘मेमे-ले’ म्हणत. मेमे म्हणजे आजोबा, आणि ‘ले’ हा आदराचा प्रत्यय. नमस्कारासाठीं, आभारासाठीं आणि निरोपासाठीं एकच शब्द: ‘जुले’.

आतां ज्या गोष्टीची आम्हांस लाज वाटते ती सांगतों. स्नानाशिवाय अन्न तोंडांत घालावयाचें नाहीं, हा आमचा जन्माचा नेम. वाटाड्याच्या सांगण्यावरून पहिले दोन दिवस हातपाय धुऊन भागविलें. मार्खास मात्र आमचा हट्ट बळावला. वाटाड्यानें आदल्या रात्रींच बजाविलें होतें कीं पुढें नदी पायीं ओलांडावयाची आहे, तेव्हां पहांटेस निघालें पाहिजे. कारण असें कीं दिवसाच्या उन्हानें बर्फ वितळतें आणि हिमनदीचें पाणी दुपारीं वाढतें. सकाळीं जेथें पोटरीपर्यंत पाणी असतें तेथें तिसऱ्या प्रहरीं मांडी बुडते. हें शास्त्र आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु आम्हीं पाणी तापवावयास लाविलें, स्नान केलें, संध्या आटोपली, आणि सावकाश निघालों. दोन-अडीच तास मोडले. पुतण्यानें स्टोव्हजवळ बसून पाणी तापविलें, पण तो एक अक्षर बोलला नाहीं.

नदीपाशीं पोंचलों तेव्हां ऊन चढलें होतें. पाणी करडें, दुधाळ आणि मोठ्या वेगाचें. घोडे पुढें गेले. वाटाड्यानें दोर धरला, पुतण्यानें आमचें मनगट धरलें, आणि आम्ही पात्रांत उतरलों. मध्यावर पायाखालचा गोटा सरकला. काठी हातांतून निसटून वाहून गेली. कंबरेपर्यंत पाण्यांत आम्ही आडवे झालों. त्या क्षणीं कोणतेंही स्तोत्र आठवलें नाहीं. आठवण राहिली ती एवढीच कीं मनगटावरची पकड सुटली नाहीं. आम्हांस वर ओढतांना पुतण्याचा पाय दगडावर कापला, आणि त्याच्या पाठीवरच्या पिशवींतलें त्याचें अंथरूण भिजून चिंब झालें. पैलतीरीं बसून आम्ही कांपत होतों. कोणीही रागावलें नाहीं. रागावलें असतें तर बरें वाटलें असतें. आमच्या एका तांब्याभर पुण्यासाठीं चार माणसांचे जीव टांगणीस लागले होते.

त्या संध्याकाळीं हांकरला तंबू लागला. हें खोऱ्याच्या वरच्या टोंकाचें शेवटचें गांव. पुतण्याच्या पायाला पट्टी बांधून झाली, आणि आम्ही तंबूबाहेर एका जवाच्या शेताच्या बांधावर बसून होतों. एक म्हातारी खोरें घेऊन आली. शेताला पाटाचें पाणी चाललें होतें. अर्धें शेत भिजलें होतें, अर्धें कोरडें होतें. तिनें डोंगरावरच्या एका कड्याकडे पाहिलें, सांवली कोठवर आली तें पाहिलें, आणि दोन ढेकळें व एक दगड टाकून शेताचें तोंड बुजविलें. मग खालच्या शेताचें तोंड उघडलें. आम्हांस वाटलें कीं म्हातारीचा कांहीं घोटाळा झाला. वाटाड्याला हांक मारून आम्हीं तिला विचारविलें.

ती हंसली. “या शेताची पाळी संपली,” असें म्हणाली.

“हें शेत कोणाचें?”

“माझें.”

“आणि खालचें?”

“खालच्या घरचें. त्यांची माणसें घोडे घेऊन लेहला गेलीं आहेत.”

“मग त्यांच्या घरीं कोणी नसतां तूं कशाला आलीस?”

“घरीं कोणी नाहीं, म्हणून तर मला यावें लागलें.”

वाटाड्यानें समजाविलें कीं त्या वर्षीं पाणी सोडण्याचें काम तिच्या घराकडे आहे. या कामगाराला ‘छुरपोन’ म्हणतात. छु म्हणजे पाणी, आणि पोन म्हणजे धनी. परंतु हा धनी असा कीं त्याला पाण्यावर स्वतःचा अधिक हक्क नाहीं; ज्याची पाळी त्याच्या शेतांत पाणी पोंचविणें हेंच त्याचें धनीपण. “भांडणें होत नाहींत काय?” असें आम्हीं विचारलें. म्हातारी म्हणाली, “होतात. पण हिंवाळा लांब असतो. भांडावयाला तेव्हां वेळ आहे. उन्हाळ्यांत पाणी सोडावयाचें असतें.” एवढें बोलून ती पाटाच्या कडेनें वर निघून गेली.

आम्ही बांधावर बसून राहिलों. शेजारी परगांवीं असतां त्याच्या पाळीला काय करावें, याविषयीं ज्या प्रश्नावर आम्हीं कोर्टांत इतके कागद दाखल केले होते, त्याचें उत्तर एका निरक्षर बाईनें खोऱ्यानें देऊन टाकलें होतें. पहिला विचार मनांत आला तो असा कीं, पाहा, आमच्या बंधूंनीं हें शिकावयास हवें होतें! परंतु लागलीच सकाळची नदी डोळ्यांपुढें आली. दुसऱ्याच्या वाट्याचा वेळ, दुसऱ्याच्या वाट्याचें रॉकेल आणि दुसऱ्याचें कोरडें अंथरूण त्या दिवशीं कोणीं वापरलें होतें? त्या रात्रीं पुतण्यानें ओल्या अंथरुणावर घोड्यांच्या झुली पांघरून रात्र काढली, आणि आम्ही उबेंत निजलों होतों. पाळी मोडणें हा जर गुन्हा, तर तो बिनपाण्याच्या शेतांतच होतो असें नव्हे.

दुसऱ्या दिवशीं वाटेंत वाटाड्याकडून त्या म्हातारीच्या घराची आणखी हकीकत कळली. लडाखांत मुलगा संसार सांभाळूं लागला म्हणजे आईबाप मोठें घर त्याच्या स्वाधीन करून जवळच्या लहान घरांत राहावयास जातात. मोठ्या घराला ‘खांगचेन’ व लहानाला ‘खांगबू’ म्हणतात. शेतें इतकीं लहान कीं भावाभावांत तुकडे पाडले तर कोणाचेंच पोट भरणार नाहीं, म्हणून जमीन अखंड राखण्याकडे त्या समाजाचा कटाक्ष होता. त्यासाठीं अनेक भावांनीं मिळून एकच संसार करण्याचीही चाल पूर्वीं होती. १९४१ च्या कायद्यानें ती बंद झाली. आतां काळ पुष्कळ बदलला आहे. मुलें शिकावयास लेहला जातात, शेतावर म्हातारीं माणसें उरतात, आणि लेहमध्यें प्रवाशांच्या गर्दीसाठीं कूपनलिका खणल्या जात आहेत. तेथें स्वर्ग आहे असें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. पाणी थोडें असलें म्हणजे माणसाला कोणत्या रीतीनें वागल्यावांचून गत्यंतर नसतें, तेवढें तेथें उघडें दिसतें.

२८ जुलैला आम्ही निमालिंगच्या पठारावर पोंचलों. उंची सुमारें ४८०० मीटर. समोर ६४०० मीटर उंचीचें कांग यात्से शिखर, त्याच्या कुशींतली हिमनदी, आणि पठारावर मेंढ्या व याक चारणाऱ्या लोकांच्या दगडी झोंपड्या. त्या दिवशीं आषाढ अमावास्या होती, म्हणजे आपली दिव्यांची अंवस. घरीं पाटावर समया, निरांजनें घांसून मांडलीं असतील, कणकेचे दिवे उकडले असतील, ही आठवण झाली. कुटुंबानें सामानांत एक लहानसें निरांजन आणि तुपाच्या वाती घातल्या होत्या. दगडांच्या आडोशाला पुतण्यानें तें लाविलें. वाऱ्यानें तें तीन वेळां विझलें. चौथ्या वेळीं टिकलें.

वर पाहिलें आणि बोलणें थांबलें. आमच्या गांवीं आतां आकाश रात्रींही उजळलेलें असतें. तेथें मात्र आकाशगंगा या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत पसरली होती. सप्तर्षींवरून ध्रुव शोधला. आमच्या गांवाहून तो सुमारें तेरा अंशांनीं अधिक उंच दिसत होता. कारण ज्या गांवाचा जितका अक्षांश तितका तेथें ध्रुव क्षितिजावर चढलेला असतो. जन्मभर ज्याला आम्ही अढळ म्हणत आलों तोही पाहणाराच्या जागेप्रमाणें वर-खालीं दिसतो, हें गणितानें ठाऊक होतें. त्या रात्रीं तें मनाला लागलें.

आम्हीं पुतण्याला म्हटलें, “अरे, परत गेल्यावर मी तो दावा काढून घेणार आहें.”

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “काका, त्या रात्रीं मोटर बाबांनीं सुरू केली नव्हती. मीं केली होती. मी सुटीवर आलों होतों. बाग वाळतांना पाहवेना. बाबा झोंपले होते.”

“मग इतकीं वर्षें बोलला कां नाहींस?”

“बाबांनीं बोलूं दिलें नाहीं. म्हणाले, तुझ्या काकांचा माझ्यावरचा विश्वास गेला तो गेला. तुझ्यावरचा राहूं दे. घरांतलें एक तरी माणूस त्यांच्याकडे जातें-येतें राहिलें पाहिजे.”

निरांजन केव्हां विझलें तें कळलें नाहीं. आमच्या दाव्याच्या अर्जांत प्रतिवादीनें ‘हेतुपुरस्सर’ पाणी घेतलें असें लिहिलें होतें; तो शब्द आम्हींच आग्रहानें घालविला होता. कागद खरे होते, तारीख खरी होती, पाळी आमची होती. आणि तरीही जी गोष्ट आम्हीं पक्की धरून बसलों होतों तीच खोटी होती. पहांटे पाहिलें तों तांब्यांतल्या पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती. त्या दिवशीं आम्हीं स्नानाचा विषय काढला नाहीं. सूर्य वर येण्यापूर्वीं निघालों, आणि सुमारें ५२०० मीटर उंचीची कोंगमारू खिंड पंधरा-पंधरा पावलांवर थांबत ओलांडली. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या जेमतेम निम्मा असतो. वादविवाद करण्याइतका श्वासच उरत नाहीं, हाही त्या डोंगराचा एक उपकारच म्हणावयाचा.

लेहला परतल्यावर आणखी एक गोष्ट ऐकली ती येथें नमूद करितों. तेथील शेतकऱ्यांची खरी अडचण वसंत ऋतूंत असते. पेरणीला एप्रिल-मे महिन्यांत पाणी हवें, आणि उंचावरच्या हिमनद्या तर जूननंतर वितळूं लागतात. चेवांग नोर्फेल या इंजिनियरांनीं हिंवाळ्यांत वायां जाणारें ओढ्यांचें पाणी सांवलींत अडवून गोठविण्याची युक्ति काढली. २०१५ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनीं २०१३-१४ च्या हिंवाळ्यांत नळांतून वर उडणाऱ्या पाण्याचा बर्फाचा स्तूप करून दाखविला. पाणी वरच्या ओढ्यापासून नळानें आणलें म्हणजे स्वतःच्या दाबानें तें कारंज्यासारखें उसळतें आणि कडाक्याच्या थंडींत पडतां पडतां गोठतें. शंकूच्या आकारामुळें बर्फाच्या मानानें उन्हाला सांपडणारा पृष्ठभाग थोडा राहतो, म्हणून तो स्तूप सावकाश वितळतो. हिंवाळ्याचें पाणी वसंतासाठीं राखून ठेवणें म्हणजे एका ऋतूनें दुसऱ्या ऋतूची पाळी सांभाळणेंच होय.

घरीं आल्यावर मोठा समारंभ झाला नाहीं. आम्हीं बंधूंच्या ओसरीवर जाऊन बसलों, आणि वही बरोबर नेली नव्हती. वहिनींनीं, म्हणजे त्यांच्या कुटुंबानें, चहा ठेविला. बंधु म्हणाले, “डोंगर कसा होता?” आम्ही म्हणालों, “उंच होता.” पुढच्या तारखेस दोघांच्या सहीनें तडजोडीचा अर्ज कोर्टांत गेला.

खरें पाहतां एवढें शिकण्यासाठीं लडाखास जाण्याची गरज नव्हती. आमच्याच बागलाणांत मोसम व आरम या नद्यांवर, आणि पलीकडे धुळें जिल्ह्यांत पांझरेवर, बंधारे घालून फड पद्धतीनें पाणी वांटण्याची रीत शेंकडों वर्षांची आहे. तींत शेतकऱ्यानें स्वतः पाट फोडावयाचा नसतो. सर्वांनीं नेमलेला पाटकरी ज्याच्या त्याच्या शेतांत पाणी सोडतो. हें आम्हीं स्थानिक भूगोलांत मुलांकडून पाठ करून घेतलें, आणि स्वतःच्या विहिरीवर मात्र वकील नेमला! आतां दोघांनीं मिळून आमच्या मळ्यांतल्या जुन्या गड्याला पाटकरी केलें आहे. मोटरीची किल्ली त्याच्याजवळ असते.

त्याची परीक्षाही झाली. २०२३ सालीं पाऊस पुन्हा कमी झाला आणि पुढच्या उन्हाळ्यांत विहीर तळाला गेली. पाटकऱ्यानें एके दिवशीं येऊन सांगितलें कीं दोन्ही घरांच्या पाळ्या तीन दिवसांच्या दोन दिवसांवर आणतों, नाहीं तर झाडें वांचणार नाहींत. आमच्या मनांत प्रथम जुनी वही उघडली, हें कबूल केलें पाहिजे. पण तोंडानें आम्ही “बरें” एवढेंच म्हणालों. त्या वर्षीं कांदा थोडा आला, डाळिंबेंही थोडीं आलीं; दोन्ही घरचा माल एकाच गाडींतून बाजारास गेला.

ज्यांना या वाटेनें जाण्याची इच्छा होईल त्यांस चार शब्द सांगतों. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा काळ सोईचा. हृदयाचा, फुफ्फुसांचा किंवा रक्तदाबाचा विकार असल्यास डॉक्टरांच्या संमतीवांचून जाऊं नये. लेहला निदान तीन दिवस विश्रांति घ्यावी; पुढें मुक्कामाची उंची एका दिवसांत फार वाढवूं नये. डोकें दुखणें, मळमळणें, झोंप न येणें हा इशारा समजावा. झोक जाऊं लागला, शुद्धि मंदावली किंवा बसल्या जागीं धाप लागली, तर क्षणाचाही विलंब न लावतां खालीं उतरावें. खालीं उतरणें हाच त्यावरचा मुख्य उपाय. आपला केरकचरा आपण परत आणावा. नदी सकाळीं ओलांडावी. आणि वाटाड्या जें सांगेल तें ऐकावें, मग आपण चाळीस वर्षें भूगोल शिकविला असला तरी.